‘आता फिजिओची गरज नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या मोठ्या मामांना गेल्या दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, हात मात्र अजून कोपरात दुमडलेला आणि मूठ आवळलेलीच असते. सांगलीला त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट ताई येत असत. मग घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक फॉरवर्ड आला, मामेभावाने तो वाचून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारे यंत्र) मागवला आणि ताईंना ‘सध्या नको’ म्हणून कळवले. मला हे तीन आठवड्यांनी समजले, तेही फोनवर मामांकडूनच: ‘अगं, ताईंना आता कशाला त्रास द्यायचा? हे डबडं आहे की.’ मी माणसाच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कॅमेरे, सेन्सर आणि स्पर्शाचा प्रतिसाद देणारी उपकरणे हा माझा रोजचा व्यवहार आहे. असे असूनही घरातल्या माणसांनी मला एक फोन करण्याऐवजी एका निनावी मजकुरावर विश्वास ठेवला, याचा राग पुढच्या मजकुरात डोकावला तर तो लपवण्याचा माझा प्रयत्न नाही.

फॉरवर्डचे म्हणणे थोडक्यात असे. हेडसेट आणि त्यासोबत मिळणारा स्पर्शाचा हातमोजा हे ‘नासाचे तंत्रज्ञान’ आहे. आभासी जगातला स्पर्श आणि खरा स्पर्श यांतला फरक मेंदूला कळत नाही. कॅमेरा शरीराची हालचाल मिलिमीटरपर्यंत अचूक टिपतो, जे कोणत्याही फिजिओच्या डोळ्याला जमणार नाही. त्यामुळे अर्धांगवायूचा रुग्ण घरबसल्या २१ दिवसांत बरा होतो, आणि हे म्हणे ‘जागतिक संशोधनाने सिद्ध’ झाले आहे. शिवाय सर्जनसुद्धा आता याच यंत्रावर शस्त्रक्रिया शिकतात, तिथे तुमचा हात काय चीज आहे! खाली नेहमीची शेपटी: फिजिओ हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, किमान दहा जणांना पाठवा.

क्रमाने जाण्यात अर्थ नाही. ज्या वाक्याने मामांचे तीन आठवडे खाल्ले, ते २१ दिवसांचे वाक्य आधी घेते.

हा आकडा कुठून आला ते मजकुरात नाही. कोणत्या रुग्णालयात, किती रुग्णांवर, कशाशी तुलना करून, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ज्याला खरोखर जागतिक संशोधन म्हणता येईल, असे एक उदाहरण मात्र माझ्यासमोर आहे. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात ‘एव्हरेस्ट’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी प्रसिद्ध झाली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतल्या १४ केंद्रांवर, झटका येऊन तीन महिने उलटले नव्हते अशा १४१ रुग्णांची कोणताही पक्षपात न करता दोन गटांत वाटणी करण्यात आली. दोन्ही गटांना नेहमीचे फिजिओथेरपीचे उपचार चालूच होते. त्याखेरीज एका गटाने हालचाल ओळखणाऱ्या व्हिडिओ-गेम यंत्रावर दोन आठवड्यांत एकेक तासाची दहा सत्रे केली, आणि दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ काय केले? पत्ते खेळले, बिंगो खेळले, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचून त्यातला एकेक ठोकळा काढला, चेंडू टाकला आणि झेलला. शेवटी हाताचे काम मोजले तेव्हा दोन्ही गट सुधारलेले होते आणि दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. संशोधकांचे अनुमान असे, की सराव पुरेसा आणि नेमक्या कामाचा असेल तर तो यंत्रावर केला की पत्त्यांच्या डावावर, याला फारसे महत्त्व नसावे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा निबंध वाचला असता तर ‘बदाम सात खेळा आणि दहा जणांना पाठवा’ असे लिहिणे त्याला अधिक सयुक्तिक वाटले असते.

यावर कोणी म्हणेल की त्या चाचणीतले यंत्र जुन्या पद्धतीचे होते, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट नव्हता, आणि रुग्णही सौम्य ते मध्यम दुबळेपणाचे होते. आक्षेप योग्य आहे, म्हणून मोठे चित्रही पाहू. वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयाचा वेळोवेळी आढावा घेतला आहे. २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते, आणि हाताच्या कामात आभासी वास्तव हे नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरत नाही, मात्र नेहमीच्या उपचारांत भर म्हणून वापरल्यास उपयोगी पडू शकते, असा निष्कर्ष निघाला. २०२५ च्या सुधारित आढाव्यात चाचण्या १९० वर गेल्या आणि हाताच्या कामात किंचित फायदा दिसला. हे मला मान्य करावे लागते, आणि मी ते करते. परंतु ‘किंचित’ हा शब्द फॉरवर्डमध्ये नाही. २१ दिवसांत संपूर्ण बरे होणे कोणत्याही आढाव्यात नाही. आणि घरी एकट्याने, कोणा जाणत्याच्या देखरेखीशिवाय, फिजिओला रजा देऊन करा, असे तर कोणीही म्हटलेले नाही.

आकडे बाजूला ठेवून मामांच्या दिवाणखान्यात येऊ, कारण घोटाळा नेमका कुठे होतो ते तिथे स्पष्ट दिसले. मी सांगलीला पोहोचले तेव्हा मामांनी मोठ्या उत्साहाने खेळ लावून दाखवला. समोरून फुगे येतात, ते हाताने फोडायचे. उजवी मूठ उघडत नाही म्हणून मामेभावाने कंट्रोलर, म्हणजे खेळ खेळताना हातात धरायची मूठ, कापडी पट्टीने मनगटाला बांधून दिला होता. फुगे फुटत होते, चांदण्या उधळत होत्या, खेळातली बाई इंग्रजीत शाबासकी देत होती. मी मात्र मामांच्या कोपराकडे पाहत होते. फुगा जवळ आला की ते कमरेतून पुढे वाकत, खांदा कानापर्यंत उचलत आणि अख्ख्या धडाच्या झोक्याने हात फेकत. दुमडलेले कोपर सुरुवातीला होते तितकेच दुमडलेले राहिले. यंत्राच्या लेखी हात फुग्यापर्यंत पोहोचला, एवढेच पुरेसे होते. तो कोपर उघडून पोहोचला की कंबर वाकवून, हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण त्याला कंट्रोलर दिसतो, कंबर दिसत नाही. अर्धांगवायूनंतर मेंदू असे आडमार्ग शोधतोच, आणि ज्या मार्गाला बक्षीस मिळते तो पक्का करतो. म्हणजे दिवसाला तासभर मामा चुकीच्या हालचालीचा सराव करत होते आणि त्याबद्दल त्यांना चांदण्या मिळत होत्या. ताई असत्या तर त्यांनी पहिल्याच फुग्याला मामांच्या छातीवर तळवा टेकवून त्यांना खुर्चीच्या पाठीला लावून धरले असते. धड असे बांधून किंवा धरून ठेवून हात पुढे करण्याचा सराव ही या क्षेत्रातली अभ्यासलेली पद्धत आहे, ताईंची लहर नव्हे.

दुसरी गोष्ट खांद्याची. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडले की दंडाचे हाड खोबणीतून थोडे खाली घसरते, आणि असा खांदा पाठीच्या पात्याला आधार न देता वरवर उचलत राहिला तर दुखणे बळावते. मामांचा खांदा तिसऱ्या आठवड्यात रात्री ठणकू लागला होता, आणि ‘व्यायाम लागतोय’ अशी घरच्यांची समजूत होती.

ताईंना मी हात जोडून परत बोलावले. त्यांनी आल्यावर पहिले काम काय केले असेल तर मामांचे मनगट एका हाताने आणि कोपर दुसऱ्या हाताने धरून हात एका श्वासात सरळ करून पाहिला, मग पुन्हा एकदा, आणि म्हणाल्या, ‘काका, मधेच अडतोय. आधी अडत नव्हता.’ ही जी तपासणी आहे, तिला वैद्यकीय परिभाषेत सुधारित ॲशवर्थ मापन म्हणतात. १९८७ पासून ते प्रचारात आहे, आणि त्यात तपासणाऱ्याच्या हाताला जाणवणाऱ्या विरोधाला शून्य ते चार अशी श्रेणी दिली जाते. ते काही फार सूक्ष्म माप नाही, त्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. पण ते हाताने घ्यावे लागते. स्नायू ताठ आहे की सैल, हे बाहेरून कितीही कॅमेरे लावले तरी दिसत नाही, धरल्याशिवाय कळत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्पर्शाचा विचार केला तो फक्त रुग्णाला काय जाणवेल एवढाच. रुग्णाच्या हातातून दुसऱ्याला काय कळते, ही अर्धी बाजू त्याच्या गावीही नाही.

आता ‘मेंदूला फरक कळत नाही’ या दाव्याकडे वळते. यात सत्याचा एक कण आहे. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात माणसाला रबरी हातच आपला वाटू लागतो. डोळे स्पर्शाला फसवू शकतात, यात वाद नाही, आणि हेडसेटमधले निम्मे चमत्कार याच फसवणुकीवर उभे आहेत. पण त्या प्रयोगात पडद्याआडच्या खऱ्या हातावर फिरणारा ब्रश खराच होता, हे कोणी सांगत नाही.

हाताच्या तळव्याच्या आणि बोटांच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात, चार प्रकारचे: कोणी दाब आणि कडा ओळखतो, कोणी निसटती वस्तू, कोणी थरथर, कोणी त्वचेचा ताण. वस्तूचे वजन आणि विरोध तर स्नायू आणि सांधे सांगतात. मामांच्या कंट्रोलरमध्ये यांपैकी कशासाठी सोय आहे? फक्त थरथरीसाठी. फुगा फुटला की हातात भुंगा गुरगुरल्यासारखे होते, बस्स. (तो बहुचर्चित हातमोजा मामेभावाने किंमत पाहून मागवलाच नाही, हे या प्रकरणातले एकमेव शहाणपण.) मोजा असता तरी काय झाले असते? चांगल्या मोज्यातल्या दोऱ्या बोटांना मागून अडवून धरतात, त्यामुळे आभासी पेला पकडल्यावर बोटे पुढे मिटत नाहीत, आणि ती जाणीव खरोखर विलक्षण असते. पण मोजा स्वतः कशालाच जोडलेला नसतो, म्हणून तोच पेला आभासी टेबलावर ठेवायला गेलात की हात टेबलातून आरपार खाली जातो. पेल्याला वजनही नसते. आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी टेबलावर हात टेकायला सांगते, आणि प्रत्येक जण पुढे कलंडतो.

हात खरोखर अडवायचा तर यंत्र जमिनीला किंवा टेबलाला घट्ट बसवावे लागते. १९९४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी ‘फँटम’ नावाचा असा छोटा यांत्रिक हात मांडला. त्याच्या टोपणात बोट घातले की पडद्यावरच्या गोळ्याची गोलाई बोटाला लागते. मात्र ती एका बोटाच्या टोकापुरती. शिवाय चित्र सेकंदाला ६० ते ९० वेळा बदलले तरी डोळ्याला चालते, पण भिंत कडक लागावी म्हणून मोटारीला सेकंदाला सुमारे हजार वेळा हिशेब करून जोर लावावा लागतो, नाहीतर भिंत रबरासारखी लिबलिबते किंवा हातात थडथडू लागते. २००२ मध्ये एमआयटीतल्या मंडयम श्रीनिवासन यांच्या प्रयोगशाळेतून आणि लंडनमधून दोन माणसांनी अटलांटिकच्या दोन काठांवर बसून एक आभासी ठोकळा मिळून उचलला, एकमेकांचा जोर हाताला जाणवत असताना. या कामाबद्दल मला आदर आहे, मी त्याच्याच आधारावर पोट भरते. म्हणूनच कंट्रोलरच्या गुरगुरीला कोणी ‘खरा स्पर्श’ म्हटले की माझी सहनशक्ती संपते.

रुग्णाचा हात धरून चालवणारी यंत्रेही आहेत. एमआयटीतच घडलेल्या ‘मॅनस’वर रुग्णांचा सराव गेल्या शतकाच्या अखेरीपासून होत आला आहे, आणि आपल्याकडे आयआयटी मद्रास व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून हाताच्या पंजासाठी ‘प्लूटो’ नावाचे यंत्र तयार केले आहे. त्यांतही चमत्कार नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर ‘मॅनस’ची चाचणी झाली, ती २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसला नाही. हात प्रत्यक्ष धरणाऱ्या, मोटारी लावलेल्या यंत्राची ही कथा, तर मनगटाला पट्टीने बांधलेल्या भुंग्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

मिलिमीटरचा मुद्दा लवकर संपतो. प्रयोगशाळेत भिंतीवर अनेक कॅमेरे लावून, अंगावर चमकणारे मणी चिकटवून आम्ही त्या मण्यांची जागा मिलिमीटरहूनही बारीक मोजतो, हे खरे. पण मणी कातडीवर असतो आणि कातडी हाडावर सरकते, मांडीवर तर सेंटिमीटरच्या घरात, त्यामुळे मण्याची अचूकता ही हाडाची अचूकता नसते. घरगुती हेडसेटचे कॅमेरे मुख्यतः तळहात आणि कंट्रोलर पाहतात, खांदा, कोपर आणि धड यांची स्थिती बहुतांशी अंदाजाने भरली जाते. आवळलेल्या मुठीत बोटे एकमेकांआड जातात तेव्हा तर अंदाजही डळमळतो. एवढे असूनही फिजिओच्या नजरेशी स्पर्धा लावायचीच असेल तर पुन्हा मामांची कंबर आठवावी.

सर्जन यंत्रावर शिकतात, हे मात्र निखालस खरे आहे, आणि फॉरवर्डमधला हा एकच मुद्दा मी खोडणार नाही, फक्त पुरा सांगेन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांनी आभासी यंत्रावर आधी सराव केला. पुढे खऱ्या रुग्णाचे पित्ताशय सोडवताना ते २९ टक्के जलद ठरले आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. गंमत अशी, की त्या यंत्रात स्पर्शाचा प्रतिसाद नव्हताच, आणि ती खरी शस्त्रक्रिया करताना अनुभवी सर्जन त्यांच्यासोबत होते. ‘दा विंची’ या शस्त्रक्रिया-यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, पण उतीचा विरोध सर्जनच्या बोटांपर्यंत पोहोचवणारी त्याची आवृत्ती २०२४ मध्ये मान्य झाली. मधली दोन दशके सर्जन टाक्याचा ताण डोळ्यांनी जोखत होते. त्यांना ते साधले, कारण त्यांचे हात निरोगी होते आणि उघड्या शस्त्रक्रियेत ते आधी तयार झालेले होते. ज्याचा हात स्वतःच ठाऊक नसल्यासारखा झाला आहे, त्या माणसाला हा दाखला लावणे म्हणजे पोहणाऱ्याचे पाहून बुडणाऱ्याला सल्ला देणे होय.

राहिली नासा. नासाच्या एम्स केंद्रात १९८०च्या दशकात आभासी दृश्यांवर खरेच काम झाले आणि तिथे हातमोजाही वापरला गेला. त्या मोज्यात प्रकाशतंतू होते, ते बोटे किती वाकली एवढे सांगत, घालणाऱ्याला त्यातून कसलाही स्पर्श होत नसे. मामांच्या खोक्याशी त्याचे नाते पणजोबा-पणतूचे म्हणता येईल, त्याहून जवळचे नाही.

आणि ‘फिजिओ हे सांगणार नाहीत’ या शेवटच्या शेपटीला उत्तर ताईंनीच दिले. त्यांनी हेडसेट उलटसुलट करून पाहिला, स्वतःच्या डोळ्यांना लावला, चार फुगे फोडले आणि म्हणाल्या, ‘टाकून नका देऊ.’ परत करण्याची मुदत तशीही उलटून गेली होती. आता ताई मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी येतात. मधल्या दिवशी मामा पाठ टेकून, छातीला पट्टा बांधून, खुर्चीतच बसून वीस मिनिटे फुगे फोडतात, शेजारी मामी असतात आणि डोके गरगरले की खेळ बंद, ही त्यांची अट आहे. संध्याकाळी बदाम सात. पत्ता डाव्या हाताने उजव्या मुठीखाली सरकवायचा आणि कमरेतून न वाकता, कोपर उघडत, टेबलाच्या मध्यापर्यंत ढकलत न्यायचा, असे ताईंनी ठरवून दिले आहे. एका पत्त्याला अर्धा मिनिट लागतो. मामेभाऊ मधेच हात पुढे करतो, तेव्हा मामी त्याच्या मनगटावर चापट मारतात.